ब्याऐंशीची बॅच

मी मूळचा मालवणकडचा. त्यामुळे मासा या विषयात माझं तत्त्वज्ञान अगदी साधं आहे. पाण्यातून काढायचा, आगळ-मीठ लावायचा आणि तव्यावर टाकायचा. जून २०२४ मध्ये प्रोजेक्टच्या निमित्ताने बॉस्टनला होतो, तेव्हा टीममधल्या दोघांनी विचारलं, "स्ट्राइप्ड बास पकडायला येतोस का?" मी लगेच हो म्हणून टाकलं. गाईडचे पैसे तिघांत वाटून घेतले. (डॉलरला रुपयाने गुणायचं नाही, हा ऑनसाइटचा पहिला नियम.)

पहाटे चारला फाल्मथजवळच्या एका धक्क्यावर पोचलो. कॅप्टन साठीचा असेल. अमेरिकेत पैसे घेऊन लोकांना समुद्रात न्यायचं तर कोस्ट गार्डचं लायसन लागतं. सगळ्यात साधं लायसन मिळवायचं म्हटलं तरी बोटीवर ३६० दिवस काढल्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि मग जास्तीत जास्त सहा गिऱ्हाईकं नेता येतात. बोट कटीहंक नावाच्या चिमुकल्या बेटाकडे निघाली. बेटाच्या टोकाला पाण्याखाली कातळांची रांग आहे, नाव 'सो अँड पिग्ज', म्हणजे डुकरीण आणि तिची पिल्लं. ओहोटीचं पाणी तिथे खळाळत वाहतं आणि त्या खळाळात बास भक्ष्याची वाट बघत उभा असतो.

माझ्या हातात स्पिनिंगचा रॉड होता. त्यात वजन आमिषात असतं, तेच दोरीला ओढत नेतं, त्यामुळे नवशिक्यालाही जमतं. शेजारचा मित्र फ्लायवाला. त्याचं आमिष म्हणजे गळाला बांधलेली पिसं आणि केस, वजन जवळजवळ शून्य. तिथे दोरीच जड असते आणि ती हवेत चाबकासारखी फिरवून फेकायची. तो वारा आणि स्वतःची टोपी यांच्याशी झुंजत होता, तेवढ्यात मला मासा लागला.

दहा मिनिटं दंड भरून आले. वर आला तो चौतीस इंची, चंदेरी, अंगावर वहीतल्या रेघांसारखे काळे पट्टे. कॅप्टनने पट्टीवर मोजला आणि म्हणाला, "बहुतेक २०१५ ची बॅच. सोडायचा." २८ ते ३१ इंचांमधला एकच मासा ठेवता येतो, त्याहून लहान नको आणि मोठाही नको. मी म्हटलं, निदान फोटो तरी काढा. पहिल्या फोटोत माझे डोळे मिटलेले आले, म्हणून दुसरा काढला. मग मासा पाण्यात सोडला तर तो आडवाच झाला! कॅप्टनने वाकून त्याचा जबडा धरला, तोंड प्रवाहाकडे केलं आणि कल्ल्यांतून पाणी खेळू दिलं. बऱ्याच वेळाने शेपटी हलली आणि तो खाली गेला.

"वाचेल ना?"

"बहुधा," कॅप्टन म्हणाला.

हा 'बहुधा' डोक्यात जो अडकला, तो अडकलाच. घरी आल्यावर पुढचे कित्येक वीकांत वाचनात गेले. त्याचा हा गोषवारा.

या माशाचं रक्षण करण्याचं वेड आजचं नाही. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने कायदा केला की बास आणि कॉड शेतात खत म्हणून टाकायचे नाहीत. म्हणजे त्याआधी लोक टाकत होते! १६७० मध्ये शेजारच्या प्लिमथ वसाहतीने बास, मॅकरेल आणि हेरिंग यांच्या मासेमारीचं उत्पन्न एका मोफत शाळेसाठी राखून ठेवलं. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले परत घेत होते. तेव्हापासून हा मासा सरकारी हिशेबात आहे.

गाईडचा धंदा मात्र बराच नंतरचा. १८६४ मध्ये न्यू यॉर्कच्या काही श्रीमंतांनी याच कटीहंकवर फिशिंग क्लब काढला. कातळांत लोखंडी गज रोवून समुद्रात फळ्यांचे अरुंद मचाण बांधले. कोणाला कुठलं मचाण, हे आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून ठरायचं. शेठ मचाणावर गळ धरून उभे आणि बाजूला एक 'चमर'. त्याचं काम मेनहेडन (आपल्या तारलीच्या कुळातला तेलकट मासा) आणि चक्क शेवंड तोडून पाण्यात फेकायची, म्हणजे वासाने बास जवळ येईल. शेवंड तेव्हा इतकी स्वस्त होती! हा चमर म्हणजे आजच्या गाईडचा पणजोबा. पाणी, वारा, भरती कळायची ती त्याला, आणि नोंदवहीत नाव लागायचं ते शेठचं.

शतक संपेपर्यंत मासा कमी झाला आणि क्लबांची रया गेली. पण कातळ तिथेच होते. १९१३ मध्ये चार्ल्स चर्च यांनी कटीहंकजवळ ७३ पौंडांचा, म्हणजे साधारण ३३ किलोंचा बास धरला. १९६७ मध्ये चार्ल्स सिंटो यांनी तेवढ्याच वजनाचा दुसरा धरला, तोही 'सो अँड पिग्ज'वर, भाड्याच्या बोटीतून. तोवर साधनंही बदलली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून स्पिनिंग रीळ आलं आणि हौशी माणसालाही लांब फेकता येऊ लागलं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी लेफ्टी क्रे यांनी चेसापीक उपसागरातल्या बाससाठी 'डिसीव्हर' नावाची फ्लाय बांधली. ती इतकी गाजली की १९९१ मध्ये अमेरिकन टपाल तिकिटावर झळकली.

आता बॅचची गोष्ट. हा मासा राहतो खाऱ्या पाण्यात, पण अंडी घालायला वसंतात नद्यांच्या गोड्या पाण्यात जातो. पूर्व किनाऱ्यावरचा बहुतांश बास जन्मतो एकट्या चेसापीकच्या नद्यांत. दरवर्षी पिल्लं सारखी जगत नाहीत. एखादं वर्ष बंपर, मग चार-पाच वर्षं दुष्काळ. त्यामुळे तिथले शास्त्रज्ञ माशांविषयी आपण कॉलेजच्या बॅचविषयी बोलतो तसंच बोलतात. मेरीलँड राज्य १९५४ पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या जागी आपल्या रापणीसारखं, पण छोटं जाळं ओढतं आणि त्यात सरासरी किती पिल्लं आली ते मोजतं. दीर्घकालीन सरासरी साधारण ११.

सत्तरची बॅच जबरदस्त होती. तिच्या जिवावर १९७३ मध्ये व्यापारी मासेमारीने विक्रमी, जवळजवळ दीड कोटी पौंड मासा काढला. मागून नव्या बॅचेस येतच नव्हत्या, पण माल येतोय तोवर कोण थांबतो? १९८३ पर्यंत आकडा पस्तीस लाखांच्या आसपास घसरला. १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला: राज्यांनी सामायिक योजना पाळली नाही, तर केंद्र त्या राज्यातली बासची मासेमारी बंद करील. १ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे पावसाळ्यात बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून दर्याला साकडं घालायची परंपरा आहे. ही बंदी मात्र पाच वर्षं चालली.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ब्याऐंशीची बॅच. ती काही बंपर नव्हती, पण जी होती तीच. तेव्हा ठरलं की या बॅचच्या ९५ टक्के माद्यांनी निदान एकदा गाभोळी सोडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. मासा दरवर्षी वाढणार, म्हणून किनाऱ्यावरची किमान लांबीची मर्यादाही दरवर्षी वाढवत नेली, बॅचच्या नाकासमोर एक पाऊल पुढे. इतकं सुबक लॉजिक मी आमच्या कोडमध्येही क्वचित बघितलंय. मासेमारी पुन्हा कधी उघडायची, तर तीन वर्षांची सरासरी ८ झाली की. १९८७ आणि १९८८ दोन्ही बेताची, मग १९८९ ला एकदम २५.२! एका वर्षाने सरासरी ओढून नेली. १९९० मध्ये मासेमारी मर्यादेत उघडली आणि १९९५ मध्ये बास सावरल्याचं जाहीर झालं. नव्वदच्या दशकात गाईडचा धंदा बहरला तो याच जिवावर. आमच्या कॅप्टननेही तेव्हाच सुरुवात केली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण २०१९ च्या अहवालात बास पुन्हा लाल रेषेखाली गेल्याचं दिसलं. २०२३ मध्ये मेरीलँडच्या जाळ्यातली सरासरी होती १.०. उबदार हिवाळे आणि कोरडे वसंत पिल्लांना मानवत नाहीत. मागे उरलेली शेवटची मोठी बॅच २०१५ ची. तिला वाचवायलाच २०२३ मध्ये घाईघाईने ३१ इंचांची वरची मर्यादा आली. साठा सावरायला मुदत आहे २०२९ ची.

आणि यावेळी बोट दाखवायला जाळीवाले फारसे नाहीत. आता मरणाऱ्या बासपैकी बहुतांश हौशी गळवाल्यांच्या हातून मरतात, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास सोडून दिल्यानंतर. शास्त्रज्ञ धरतात की सोडलेल्या शंभरांतले नऊ मरतात. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण सोडलेल्यांची संख्या वर्षाला कोटींत जाते. नऊ ही झाली सरासरी. पाणी गरम असेल, गळ खोल गेला असेल, मासा हवेत जास्त वेळ धरला असेल, तर आकडा वाढतो. म्हणूनच २०२१ पासून जिवंत किंवा कापलेलं आमिष लावायचं तर गोल गळ सक्तीचा आहे. तो पोटात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात लागतो.

परत येताना मी कॅप्टनला विचारलं होतं, "मग तुम्ही हे करता कशाला?" चिडला नाही. म्हणाला, ऑगस्टात पाणी तापलं की दुपारच्या ट्रिप घेत नाही, गळाचे काटे पकडीने दाबून टाकतो आणि गिऱ्हाईकाला चार मासे झाले की पक्षी दाखवतो. पण पूर्ण बंद केलं तर बोटीचा हप्ता कोण भरणार? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. १६३९ ला 'खत करू नका' म्हणणं सोपं होतं. १९८५ ला जाळी थांबवणं अवघड, पण स्पष्ट होतं. आता माशावर प्रेम करणाऱ्यालाच सांगायचंय की तुझ्या प्रेमाचाही हिशेब होतो.

आमच्या मालवणात गरवायला जाणारा म्हातारा दोन मासे घेऊन घरी येतो. त्याला दोन मासे किती पडले ते पक्कं ठाऊक असतं. मी त्या दिवशी एकही मासा घरी आणला नाही, आणि मला किती पडला ते आजही माहीत नाही.

फोटो अजून फोनमध्ये आहे. डोळे उघडे असलेला, दुसरा.