सुप्याची होळी : कर्जवसुलीची एक जुनी गोष्ट

हप्ता थकला की बँकेच्या वसुलीवाल्यांचा फोन येतो. आज याच वसुलीची एक जुनी गोष्ट, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावची.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस अडकला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, वर सरकारने शेतसारा वाढवला. मग वसुली सुरू झाली. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही. रोख्यात काय लिहिलंय हे फक्त सावकाराला ठाऊक. कोर्टात बहुतेक दावे एकतर्फीच निकाली निघायचे.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजार. लोक सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवे होते कागद! रोखे, गहाणखतं, हिशेबाच्या वह्या. हाती लागलं ते जाळलं. हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं.

शेवटी १८७९ साली कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणं थांबलं. कोर्ट रोख्यामागचा मूळ हिशेब तपासू लागलं. पैसे भरल्याची पावती देणं सावकाराला भाग पडलं.

आजही मुद्दा तोच आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय. घेतलेलं कर्ज फेडायचंच. पण खात्याचा उतारा मागा, पावती जपा. सुप्याच्या लोकांकडे नेमकं तेच नव्हतं.