स्वयंसेवी सॉफ्टवेअर : नवी आवृत्ती किती महिन्यांनी?

स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पातील कार्यकर्ते नोकरी वा शिक्षण सांभाळून काम करतात. त्यांना वेतन नसते. त्यामुळे अमुक दिवशी काम पूर्ण करा, असा आदेशही देता येत नाही. अशा प्रकल्पाने नवी आवृत्ती किती काळाने काढावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. तथापि, मराठीतून संगणक वापरणाऱ्यांवर त्याच्या उत्तराचा थेट परिणाम होतो.

दोन पद्धती

ठरवलेल्या सर्व सुविधा पूर्ण झाल्यावरच आवृत्ती प्रसिद्ध करणे, ही जुनी पद्धत. तिच्या मर्यादा 'डेबियन' या प्रकल्पात दिसल्या. त्याची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली, ३.१ साठी जून २००५ उजाडले. पुढची आवृत्ती कधी येईल याची शाश्वती नसली, की प्रत्येकाला आपले काम याच आवृत्तीत बसवावेसे वाटते आणि विलंब आणखी वाढतो.

दुसरी पद्धत कालबद्ध. तारीख आधी ठरते. तोवर तयार असेल ते घ्यायचे आणि उरलेले पुढच्या आवृत्तीसाठी ठेवायचे. डेबियनचे माजी प्रकल्पप्रमुख मार्टिन मिखलमायर यांनी २००७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात या विषयाचा अभ्यास केला. वेळापत्रक सर्वांना आधीच ठाऊक असल्यास विखुरलेल्या स्वयंसेवकांत सतत समन्वय साधण्याची गरज कमी होते, असे त्यांनी दाखवून दिले.

चक्राची लांबी

'ग्नोम' आणि 'उबंटू' यांनी सहा महिन्यांचे चक्र स्वीकारले. उबंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. 'पायथन' या संगणकभाषेने सुमारे १८ महिन्यांचे चक्र २०२० पासून १२ महिन्यांवर आणले. 'फायरफॉक्स'ने २०११ मध्ये सहा आठवड्यांचे, तर २०२० मध्ये चार आठवड्यांचे चक्र अवलंबिले. मात्र त्यामागे पगारी अभियंत्यांचे मोठे बळ आहे. तारखेचाही अतिरेक नको. उबंटूची एप्रिल २००६ ची आवृत्ती अधिक चाचणीसाठी जूनपर्यंत लांबविण्यात आली होती.

मराठीचा प्रश्न

ग्नोम, फायरफॉक्स, लिब्रऑफिस आदींचे मराठी रूप भाषांतरकारांच्या श्रमांतून उभे राहिले. आवृत्तीपूर्वी काही आठवडे पडद्यावरील मजकूर गोठविला जातो, म्हणजे त्यात बदल करण्यास मनाई होते. त्या अवधीतच भाषांतर पूर्ण करावे लागते. हा काळ अपुरा पडला, की मराठी पडद्यावर मधूनच इंग्रजी वाक्ये डोकावू लागतात. ग्नोममध्ये किमान ८० टक्के मजकूर भाषांतरित असलेली भाषाच 'समर्थित' मानण्याची पद्धत आहे. चक्र लहान असले, की अशी धावपळ वारंवार करावी लागते आणि मोजके भाषांतरकार थकतात.

वापरणाऱ्यांची अडचण निराळी. सांगली जिल्ह्यातील जतसारख्या दुष्काळी तालुक्यातील एखाद्या शाळेने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारायचे ठरविल्यास, दर सहा महिन्यांनी सगळे संगणक नव्याने सज्ज करणे तिला परवडणार नाही. त्यासाठी दीर्घकालीन आवृत्तीचा पर्याय असतो. उबंटू दर दोन वर्षांनी अशी आवृत्ती काढते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या पुरविते. केरळच्या 'काइट' संस्थेने शाळांसाठी तयार केलेली संगणकप्रणाली अशाच आवृत्त्यांवर बेतली आहे.

निर्णय घेताना

मजकूर गोठल्यानंतर भाषांतर आणि चाचणी यांस किती आठवडे लागतात, हे प्रथम पाहावे. चक्राचा बराचसा भाग त्यातच खर्ची पडत असेल, तर चक्र वाढविणे श्रेयस्कर. जुन्या आवृत्तीच्या दुरुस्त्या किती काळ करता येतील, हेही आधीच जाहीर करावे. कारण जितक्या आवृत्त्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, तितके मनुष्यबळ विभागले जाते. नव्या, लहान गटाला वर्षातून एक-दोन आवृत्त्या पुरेशा ठरतात. शब्द देताना सर्वाधिक उत्साही कार्यकर्त्याचा नव्हे, तर सर्वांत कमी वेळ देऊ शकणाऱ्याचा विचार करावा. तरच दिलेली तारीख पाळली जाते.