गाडी बंद पडल्यास दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

प्रतिनिधी, जामखेड

जामखेडला रेल्वे स्थानक नाही. नगर–बीड मार्गावरील या तालुक्याच्या गावी, तेथून पुढे अहिल्यादेवी होळकरांच्या चौंडीला, १७९५ च्या लढाईमुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या खर्ड्याला किंवा सौताड्याच्या धबधब्यावर जायचे, तर एसटी किंवा स्वतःची मोटार हेच मार्ग आहेत. पुण्या-मुंबईहून सुटीच्या दिवशी सहकुटुंब निघालेल्या मोटारचालकाच्या मनात या रस्त्यावर एक प्रश्न हमखास येतो. गाडी मध्येच बंद पडली तर काय? त्यावर ‘आपण कवच घेतले आहे’ असे समाधान अनेक जण मानतात. मात्र ते कवच नेमके कशाचे आहे, गाडी ओढून नेण्याचे की ती दुरुस्त करण्याचे, हे फार थोड्यांनी तपासलेले असते.

एक नाव, तीन करार

बोलीभाषेत ज्याला ‘ब्रेकडाउनचे संरक्षण’ म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात तीन वेगवेगळे करार मिसळलेले असतात. पहिला मोटार विमा, दुसरा रस्त्यावरील मदत सेवा, म्हणजेच ‘रोडसाइड असिस्टन्स’, आणि तिसरा वाढीव वॉरंटी. पैसे तिन्हींसाठी मोजावे लागतात. यांत्रिक बिघाडाच्या दुरुस्तीचे बिल भरण्याचे वचन मात्र यांपैकी केवळ तिसरा करार देतो, तेही अनेक अटींसह.

विमा अपघाताचा, बिघाडाचा नव्हे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. त्यातून समोरच्याचे नुकसान भरून दिले जाते, स्वतःच्या गाडीचे नव्हे. स्वतःच्या गाडीसाठी सर्वंकष पॉलिसी घेतली, तरी तिच्या अपवादांत झीज, घसारा, परिणामजन्य नुकसान आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड यांचा स्पष्ट उल्लेख असतो. चालता चालता गिअरबॉक्स निकामी झाला किंवा अल्टरनेटर जळाला, तर विमा कंपनी काहीही देणे लागत नाही.

सौताड्याच्या घाटात ब्रेक निकामी होऊन गाडी कठड्यावर आदळली, असे समजा. आदळल्यामुळे झालेले नुकसान अपघात म्हणून ग्राह्य धरले जाते. परंतु ज्या भागाच्या बिघाडामुळे अपघात झाला, त्या भागाची किंमत बिघाड म्हणून वगळली जाते. दुसरे उदाहरण याहून महागात पडणारे आहे. खडबडीत रस्त्यावर दगड लागून ऑइल संप फुटला. ती दुरुस्ती विम्यात बसते. मात्र तेल गळत असतानाही गाडी तशीच पुढे रेटली आणि इंजिन जाम झाले, तर ते परिणामजन्य नुकसान ठरते.

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात हाच मुद्दा अनेक मोटारमालकांना जाचक ठरला होता. पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात ते निकामी होते, आणि मूळ पॉलिसी अशा नुकसानीची हमी देत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा हप्त्याचे जोडसंरक्षण याच उणिवेसाठी आहे. ‘झिरो डेप्रिसिएशन’ हे जोडसंरक्षणही अपघातातील सुट्या भागांचा घसारा टाळण्यापुरते असते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबरी भागांवर ५० टक्के कपात होते, ती त्यामुळे वाचते. बंद पडलेल्या गाडीच्या दुरुस्तीशी या दोहोंचाही संबंध नाही.

अपघातानंतर गाडी नजीकच्या दुरुस्ती केंद्रात नेण्याचा खर्च प्रमाणित पॉलिसीतून मिळतो. त्याची मर्यादा खासगी मोटारीसाठी १,५०० रुपये आहे. अपघात नसेल, तर तोही मिळत नाही.

मदत येते, बिल उरते

रस्त्यावरील मदतीची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना १९०५ मध्ये झाली, तर मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मध्ये सुरू झाली. आता ही सेवा मोटार कंपन्या, विमा कंपन्या आणि स्वतंत्र कंपन्याही देतात. उतरलेली बॅटरी तात्पुरती चालू करून देणे, पंक्चर झालेले चाक बदलणे, संपलेले इंधन पोहोचविणे, गाडीत अडकलेली किल्ली काढून देणे आणि यांपैकी कशानेही गाडी हलली नाही, तर ती ओढून नेणे, असे तिचे साधारण स्वरूप असते. जागेवर होणाऱ्या किरकोळ कामाची मजुरी त्यात धरली जाते. सुट्या भागांची आणि इंधनाची किंमत बहुधा ग्राहकानेच द्यायची असते. गाडी गॅरेजच्या दारात पोहोचली की या सेवेची जबाबदारी संपते.

शहरातील ग्राहकाला यातील अंतराची अट सहसा जाणवत नाही. जामखेडसारख्या ठिकाणी तीच निर्णायक ठरते. प्रत्येक कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र तालुक्याच्या गावी असतेच असे नाही. जामखेडहून अहिल्यानगर सुमारे ७५ किलोमीटर आहे. करारात विनामूल्य ओढून नेण्याची मर्यादा समजा ४० किलोमीटर असेल, तर उरलेल्या ३५ किलोमीटरचे भाडे मालकाच्या खिशातून जाते. क्रेन ज्या गावाहून निघते, तेथपासूनचे अंतर मोजले जाते की गाडी उभी आहे तेथपासूनचे, हेही विचारून घ्यावे. शेतरस्त्यावर किंवा ओढ्यात अडकलेली गाडी काढून देणे अनेक करारांत वगळलेले असते.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली, तर महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे. त्याचा उपयोग रस्ता मोकळा करण्यास व सुरक्षित जागी पोहोचण्यास होतो. दुरुस्तीचा खर्च तेथूनही मिळत नाही.

दुरुस्तीचे पैसे देणारा करार

निर्मात्याची मूळ वॉरंटी संपल्यानंतर सुरू होणारी वाढीव वॉरंटी मात्र खराब झालेला भाग बदलून देते व मजुरीही भरते. मूळ वॉरंटीची मुदतही अलीकडे वाढत आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये ती दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली. जेवढी मूळ वॉरंटी लांब, तेवढी वाढीव वॉरंटीची निकड कमी. त्यामुळे नवी गाडी घेताना विक्रेत्याच्या आग्रहाखातर सही करण्यापूर्वी मूळ मुदत प्रथम पाहावी. वर्ष आणि किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल, तेथे हमी संपते. रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी वर्षाकाठी ३६ हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडते. तिच्यासाठी ‘तीन वर्षे’ हे शब्द कागदावरच राहू शकतात.

क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बेल्ट, बल्ब, तेल अशा झिजणाऱ्या किंवा संपणाऱ्या वस्तू यात येत नाहीत. भेसळीचे इंधन, बाहेरून बसविलेला सीएनजी संच, वेळेवर न केलेली सर्व्हिसिंग, इंजिन तापल्याची खूण दिसूनही चालविलेली गाडी, ही दावा नाकारण्याची नेहमीची कारणे आहेत.

गावातील ओळखीच्या मेकॅनिककडे जाणाऱ्यांची अडचण येथे सुरू होते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही त्या आदेशात म्हटले होते. हे प्रकरण पुढे अपिलात गेले. तथापि, वाढीव वॉरंटीचा दावा मंजूर होताना अधिकृत केंद्रातील सर्व्हिसिंगची नोंद मागितली जाते, हा व्यवहार आहे. ती नोंद ठेवण्यासाठी दर वेळी नगरला किंवा बीडला खेप करण्याची तयारी नसेल, तर वॉरंटीचे पैसे वाया जाण्याचा धोका मोठा आहे.

हिशेब कसा मांडावा?

उदाहरणादाखल, दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीची किंमत १५ हजार रुपये आणि संभाव्य मोठ्या दुरुस्तीचा खर्च ६० हजार रुपये धरू. अशा चार गाड्यांपैकी एकीला दोन वर्षांत ती दुरुस्ती लागणार असेल, तर व्यवहार बरोबरीत सुटतो. शक्यता त्याहून कमी असेल, तर सरासरीने ग्राहक तोट्यात असतो. विक्रेत्याचा खर्च, नफा आणि १८ टक्के जीएसटी याच रकमेतून जातो, हे लक्षात घेतले तर सरासरी ग्राहकाला भरलेल्यापेक्षा कमीच परत मिळणार, हे उघड आहे.

तरीही असा करार प्रत्येकासाठी निरर्थक ठरत नाही. ६० हजारांचे बिल अचानक आले तर ज्याच्या घरखर्चाची घडी विस्कटेल, त्याच्यासाठी १५ हजारांचा निश्चित खर्च शहाणपणाचा असू शकतो. स्वयंचलित गिअरबॉक्स, टर्बो इंजिन, भरपूर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या आणि अधिकृत केंद्रातच दुरुस्त होणाऱ्या गाडीलाही वाढीव वॉरंटी उपयुक्त आहे. साध्या रचनेची, सात-आठ वर्षे वापरलेली आणि स्थानिक गॅरेजमध्ये सुट्या भागांसह सहज दुरुस्त होणारी गाडी असेल, तर तेवढीच रक्कम दरमहा बँकेत बाजूला ठेवणे अधिक फायद्याचे. गाडी बिघडली नाही, तर ते पैसे आपलेच राहतात.

रस्त्यावरील मदत सेवेचे गणित वेगळे आहे. तिचे शुल्क तुलनेने कमी असते. रात्री-अपरात्री, मुलेबाळे किंवा वृद्ध आई-वडील सोबत असताना लांबचा प्रवास करणाऱ्याने ती घ्यावी. मात्र ती दुरुस्तीचा पर्याय समजून घेऊ नये.

सही करण्यापूर्वी

करार कोणाचा आहे, निर्मात्याचा, विमा कंपनीचा की तिसऱ्याच कंपनीचा, हे प्रथम पाहावे. ओढून नेण्याची किलोमीटर मर्यादा, वर्षातील फेऱ्यांची संख्या, आपल्या तालुक्यात सेवा मिळते की नाही, वगळलेल्या भागांची यादी आणि गाडी विकल्यास करार नव्या मालकाच्या नावे होतो का, या पाच बाबी लेखी घ्याव्यात. फोनवरून दिलेल्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती जपून ठेवावी.

तक्रारीचा मार्गही करारानुसार बदलतो. विमा पॉलिसीबाबत प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात निराकरण न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. वाढीव वॉरंटी किंवा विमा कंपनीबाहेरची मदत सेवा लोकपालाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

थोडक्यात, अपघातासाठी विमा, अडकल्यावर सुटकेसाठी मदत सेवा आणि बिघाडासाठी वॉरंटी किंवा स्वतःची शिल्लक, अशी ही विभागणी आहे. यांपैकी आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे गाडी घरासमोर उभी असतानाच वाचून घेतलेले बरे. नगर–बीड रस्त्यावर बॉनेट उघडून उभे राहिल्यावर करारातील बारीक अक्षरे वाचण्यास फार उशीर झालेला असतो.