नवगावचा किनारा आणि भूमध्य समुद्र



सुट्टी जवळ आली की आपल्या पनवेलमध्ये घराघरांत एक प्रश्न विचारला जातो. मुलाबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाता येईल असा शांत किनारा कुठला? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा भूमध्य समुद्राचं चित्र असतं. संथ निळं पाणी, स्वच्छ वाळू, गुडघाभर पाण्यात खेळणारी मुलं. आपल्याला खाडी आहे, वाळूचा किनारा नाही. म्हणून आपण गाडी काढतो आणि पेण, वडखळ करत अलिबागच्या बाजूला जातो.

आज आम्ही हाच प्रश्न इतिहासाच्या अंगानं घेणार आहोत. आपल्या जिल्ह्यातल्या एका किनाऱ्याचं भूमध्य समुद्राशी फार जुनं नातं सांगितलं जातं, आणि त्या नात्याची खूण आपल्या गावातही आहे. पनवेलचं इस्राईल तळं आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. बेथ एल हे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, तेही आपण येताजाता बघतो. ते १८४९ सालचं. ते बांधणारे बेने इस्राएल लोक घरात मराठी बोलणारे, याच मातीतले. त्यांची गोष्ट समुद्रावर सुरू होते.

त्याआधी थोडं मागे जाऊ. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन लिहिलं. त्यात आपल्या किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं येतात. भूमध्य समुद्राकडचा माल तांबड्या समुद्रातून, मोसमी वाऱ्यावर इकडे यायचा. घारापुरीला त्या काळच्या रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे तिकडच्या माणसांनी इथला किनारा दोन हजार वर्षांपूर्वी पाहिलेला होता. मात्र वाळूत बसायला कोणी येत नव्हतं. समुद्रावर जायचं ते मासे धरायला, माल चढवायला, मीठ पिकवायला. हौसेनं समुद्रावर जाणं ही कल्पनाच फार अलीकडची आहे.

आता नवगावकडे येऊ. नीट ऐका, नागाव नव्हे, नवगाव. नागाव अलिबागच्या दक्षिणेला, नवगाव उत्तरेला, किहीम आणि थळ यांच्या मधे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत खांदेरी-उंदेरीजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि पोहत किनाऱ्याला लागल्या. जे बुडाले त्यांचे देह लाटांनी नवगावच्या किनाऱ्यावर आणून टाकले. वाचलेल्यांनी त्यांना तिथेच पुरलं, पुरुष एका ठिकाणी, बायका दुसऱ्या ठिकाणी. ते दफनस्थान आजही आहे आणि तिथे स्मारकही उभं आहे.

हे कधी घडलं? परंपरा इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक सांगते. इतिहासाच्या अभ्यासकांनी वेगवेगळे काळ सुचवले आहेत, त्यात एकमत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातल्या यहुद्यांचा आणि इथल्या लोकांचा, असा दोन्ही वंशांचा अंश दिसला. गलबत फुटलं की नाही हे रक्ताच्या तपासणीतून कळत नाही. पण माणसं समुद्रापलीकडून आली आणि इथे मिसळली, एवढं त्यातून नक्की निघतं.

सगळं गमावून आलेल्या या लोकांकडे उरलं काय? पोथ्या उरल्या नव्हत्या. उरली ती 'शेमा' ही प्रार्थना, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा हा नियम, आणि शनिवार. त्यांनी तेलाचा घाणा चालवायला घेतला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. लोकांनी नाव पाडलं, शनवार तेली.

या शनिवारापाशी आम्हाला थोडं थांबायचं आहे. आपण विचार करा, कुटुंबानं समुद्रावर जायचं तर पहिली गरज कशाची? रस्ता, गाडी, पैसा हे नंतर. आधी सगळ्यांना एकाच दिवशी मिळणारी सुट्टी हवी. आपल्याकडे सण होते, जत्रा होत्या, अमावास्येला नांगर न धरण्यासारख्या चाली होत्या. पण दर आठवड्याला ठरलेल्या वारी काम बंद, ही रीत सर्वांची नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यानं आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. कोकणातले हे तेली मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून दर आठवड्याला एक दिवस घाणा थांबवत होते. ज्या गोष्टीवरून त्यांना नाव ठेवलं गेलं, तीच पुढे सगळ्यांनी भांडून मिळवली.

सुट्टी मिळाल्यावरही किनारा लगेच सगळ्यांचा झाला नाही. किहीमसारख्या गावांत आधी मुंबईच्या सधन कुटुंबांचे बंगले आले. १९३० साली डॉ. सालिम अली किहीमला राहिले आणि त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचं प्रसिद्ध निरीक्षण केलं, ते अशाच एका घरच्या मुक्कामात. एसटी, मोटार आणि पगारी रजा आल्यावर तुमच्याआमच्यासारखी माणसं डबा बांधून किनाऱ्यावर जाऊ लागली.

बेने इस्राएलांनी हा किनारा आपल्या नावात जपला. गावाला 'कर' लावून आडनाव: नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. चित्रपटांतले डेव्हिड आपल्याला आठवतात, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा. त्यांचं आडनाव चेऊलकर, म्हणजे चौलचे. आणि हाईम सॅम्युएल केहिमकर, म्हणजे किहीमचे. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. किहीमच्या किनाऱ्याचं नाव लावणाऱ्या माणसाचं पुस्तक भूमध्य समुद्राच्या काठावर छापलं गेलं. समाज स्वतः तिकडे जायला लागला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी.

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि पनवेल, पेण, अलिबाग, मुंबईतली कुटुंबं निघाली. पुष्कळांच्या वाट्याला समुद्र आलाच नाही. बीरशेबा आणि दिमोना ही वाळवंटातली गावं. काहींना लोद मिळालं, काहींना अश्दोद. अश्दोद मात्र भूमध्य समुद्राच्या काठावर. नवं शहर १९५६ मध्ये वसलं आणि तिथलं बंदर १९६५ मध्ये सुरू झालं.

तिथे गेल्यावर एक कडू अनुभव आला. हे लोक खरे यहुदी आहेत का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांच्या वेळी उभा केला. इथे शनिवार पाळतात म्हणून वेगळे ठरलेले लोक तिथे पुरेसे यहुदी नाहीत म्हणून वेगळे ठरले. त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. शनिवार तर तिथे साऱ्या देशाचीच सुट्टी. शनवार तेल्यांच्या नातवंडांना त्या दिवसाबद्दल कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता दोन समुद्रांमधला फरक पाहू. आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत त्याचं तोंड सगळ्यात अरुंद जागी अवघं १४ किलोमीटरच्या आसपास आहे. महासागराची भरती तिथून आत शिरत नाही. अश्दोदच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूट-दीड फूट. सकाळी जिथे चटई पसरली तिथे संध्याकाळीही बसता येतं. आपल्याकडे मोठ्या उधाणाला हाच फरक चार मीटरच्या पुढे जातो. सकाळी पायी गेलेल्या वाटेवर दुपारी पुरुषभर पाणी असतं.

म्हणजे तिकडचा समुद्र निर्धोक असं नाही. तिथेही पाण्याची ओढ माणसाला आत नेते. म्हणून तिथल्या अधिकृत किनाऱ्यांवर जीवरक्षकांचे मनोरे असतात आणि झेंडे लावतात. पांढरा असेल तर पोहा, लाल असेल तर धोका, काळा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. फोटोत निळं पाणी दिसतं, मनोरा बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहतो.

आपल्याकडे हे काम एका हिशेबानं केलं. कोळ्यांना आणि किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तो तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि साधारण सहा तास आधी, सकाळी पावणेदहाला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे लोक हाच हिशेब करतात, आणि न करणारे अडकतात. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचंच, आणि पावसाळ्यात समुद्र लांबूनच बघायचा.

हे आम्ही आज मुद्दाम सांगतो आहोत, कारण वाटा झपाट्यानं जवळ आल्या. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. शहरातला माणूस तासा-दोन तासांत वाळूवर पोचतो. त्याच्याजवळ सुट्टी असते, गाडी असते, पण तिथी कोणती हे माहीत नसतं. पूर्वी जो गावी जायचा त्याला आजी सांगायची. आता सांगणारं माणूस मधेच गळलं आहे, आणि बातमी येते ती कुणाचं तरी मूल बुडाल्याची.

इस्राएलहून बेने इस्राएल कुटुंबं अधूनमधून इकडे येतात. पूर्वजांचं दफनस्थान बघायला ती नवगावला जातात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. तिथे ती जातात, पोहे, नारळ आणि साखरेचा मलिदा करतात. बरोबर नातवंडं असतात, भूमध्य समुद्रात पोहायला शिकलेली. आजी-आजोबांचं मराठी त्यांना अर्धंमुर्धं कळतं. त्या नातवंडांना नवगावचा किनारा दाखवताना, आपल्यातले बुडालेले इथे पुरले आहेत, हे आधी सांगितलं जातं. समुद्राबद्दल लहान मुलाला पहिली गोष्ट अशी सांगणं आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा शांत किनारा कुठला, या प्रश्नाला आमचं उत्तर असं. नवगावला जा. जाण्याआधी कालनिर्णय उघडून तिथी बघा, तिची पाऊणपट मुलांकडूनच करून घ्या. वाटेत त्यांना घाण्याची आणि शनिवारची गोष्ट सांगा. दफनस्थानापाशी आवाज खाली ठेवा, डबे-पिशव्या परत आणा. आणि जायच्या आधी एकदा आपल्याच गावातल्या त्या १८४९ च्या इमारतीसमोर दोन मिनिटं थांबा. तिथले लोक कुठून आले हे मुलांना माहीत असेल तर नवगावला पोचल्यावर त्यांना नुसती वाळू दिसणार नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.