पानाची किंमत आणि यंत्राचा हिशेब

मेंढीकोटात पान टाकण्यासाठी काही मोजावे लागत नाही. उतारीचा रंग पाळला की झाले. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या अमेरिकी खेळाने मात्र पानालाच किंमत लावली. जमिनीची पाने पुढ्यात मांडायची, ती आडवी करून ‘माना’ नावाची शक्ती मिळवायची आणि ती खर्चून इतर पाने खेळायची. (शब्द पॉलिनेशियन भाषांतला आहे, आपल्या मानाशी वा मानेशी त्याचे नाते नाही.) या शक्तीचे रंग पाच.

हा व्यवहार टेबलावर हातांनी होत असे. संगणकावर तो कोणी करावा, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. आम्हांसही प्रथम तसाच वाटला. पण समजा, पुढ्यात दोन बेटे व एक डोंगर आहे. बेट निळी शक्ती देते, डोंगर लाल. हातातल्या एका पानाची किंमत कोणत्याही रंगाची दोन, दुसऱ्याची लाल एक. दोन्ही बेटे खर्चली तर दोन्ही पाने खेळता येतात. यंत्राने एक बेट आणि डोंगर आडवा केला, तर दुसरे पान हातातच अडकते. बेरीज मात्र दोन्ही वेळा बिनचूक! शिवाय आपण काय खर्चले यापेक्षा काय राखले, हे प्रतिस्पर्धी वाचत असतो. दोन बेटे उभी दिसली की आपला डाव उधळला जाईल या शंकेने तो थबकतो, आपल्या हातात तसे पान नसले तरीही. हे मौन यंत्राच्या स्वाधीन कसे करावे?

२००२ च्या ‘मॅजिक ऑनलाइन’मध्ये खेळाडूला जमिनी स्वतः निवडता येत. टिचक्या फार माराव्या लागत, पण निर्णय त्याचाच असे. २००९ च्या ‘ड्युएल्स ऑफ द प्लेन्सवॉकर्स’ने ही निवड यंत्राकडे दिली. योगायोग असा की, न वापरलेल्या शक्तीमागे एकेक जीवनगुण गमावण्याचा ‘माना बर्न’ हा नियम मूळ खेळातूनही त्याच वर्षी गेला. हिशेब चुकल्याचा एक जुना दंड असा मिटला.

२०१४ च्या ‘हार्थस्टोन’ने तर प्रश्नच पुसून टाकला. तेथे दर पाळीस एक स्फटिक आपोआप वाढतो, दहापर्यंत. त्याला रंग नाही. जमिनीची पाने न आल्याने हात बांधून बसण्याची व्यथाही संपली. ही सुटका थोडी नव्हे. तरीही आम्हांस वाटते की, खर्चाला रंगच नसला म्हणजे कोणती शक्ती राखावी हा विचारही उरत नाही. उरतो तो केवळ आकडा.

२०१९ मध्ये रीतसर प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग अरीना’मध्ये यंत्र स्वतः जमिनी निवडते, पण हवे तर खेळाडूला त्या हाताने निवडता येतात. आमचा कौल या मधल्या वाटेला आहे. यंत्राने सुचवावे, खेळाडूने ठरवावे. मात्र ती सूचना पान पडण्यापूर्वी डोळ्यांसमोर हवी. पान पडल्यावर डोंगर आडवा झालेला दिसून उपयोग काय?