ब्लास्टोसिस्टिस : जनुकीय वैविध्य

ब्लास्टोसिस्टिस हा माणसाच्या व अनेक प्राण्यांच्या मोठ्या आतड्यात राहणारा एकपेशीय परजीवी आहे. जगात एक अब्जाहून अधिक लोकांच्या पोटात तो असावा, असा अंदाज केला जातो. सेनेगलमधील 93 मुलांच्या विष्ठेची 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासणी झाली, तेव्हा एकही मूल त्यातून सुटलेले आढळले नाही.

1912 मध्ये एमिल ब्रम्प्ट यांनी माणसातील या जीवाला ‘ब्लास्टोसिस्टिस होमिनिस’ म्हटले. बरीच वर्षे तो यीस्ट समजला जाई. 1967 मध्ये चार्ल्स झिएर्ट यांनी त्याला आदिजीवांत आणले, तर 1996 मध्ये रायबोसोमच्या जनुकावरून तो तपकिरी शैवाल व डायटम यांच्या गोतावळ्यातला ठरला. या गोतावळ्यातले माणसाच्या आतड्यात नांदणारे जीव दुर्मीळच.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळे ब्लास्टोसिस्टिस जवळपास सारखेच गोल दिसतात. जनुके पाहिली की चित्र पार बदलते. 2007 मध्ये संशोधकांनी ‘होमिनिस’ हे नाव बाजूला ठेवून रायबोसोमच्या लहान घटकाच्या जनुकावर आधारित क्रमांकित उपप्रकार स्वीकारले. या जनुकात साधारण 4 टक्के फरक असेल, तरच नवा उपप्रकार मानावा असा संकेत आहे. आजवर सुचवलेल्या उपप्रकारांची संख्या चाळिशीच्या घरात जाते. मात्र त्यांतील काही क्रम निरनिराळ्या जीवांच्या डीएनएचे तुकडे जुळून तयार झाल्याचा संशय आल्याने वगळावे लागले. माणसातील बहुसंख्य संसर्ग उपप्रकार 1 ते 4 यांचे असतात. उपप्रकार 3 सर्वाधिक आढळतो. उपप्रकार 4 युरोपात नेहमीचा, आशियात क्वचित दिसणारा. उपप्रकार 5 डुकरे व गुरे यांच्यात, तर 6 आणि 7 पक्ष्यांत मुख्यतः आढळतात. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी 2015 मध्ये निरोगी भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 1 व 3 हेच उपप्रकार प्रामुख्याने होते.

फरक किती खोल आहे, हे संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर कळले. उपप्रकार 1, 4 व 7 यांच्या समकक्ष प्रथिनांत जेमतेम 60 टक्के साम्य आहे. माणूस आणि उंदीर यांच्या प्रथिनांतसुद्धा याहून अधिक साम्य असते! शिवाय कित्येक जनुकांत प्रथिन कोठे संपवायचे, ती थांबखूण मुळात नसतेच. संदेशवाहक आरएनएला शेपटी जोडताना ती तयार होते.

म्हणून ‘ब्लास्टोसिस्टिसमुळे रोग होतो का?’ हा प्रश्न उपप्रकार न सांगता विचारण्यात फारसा अर्थ नाही. प्रयोगांत उपप्रकार 7 आतड्याच्या अस्तराला इजा करतो आणि बिफिडोबॅक्टेरियमसारखे उपकारक जिवाणू घटवतो; उंदरांवरील प्रयोगांत उपप्रकार 4 मुळे आतड्याचा दाह उलट कमी झाला. 2024 मधील एका मोठ्या अभ्यासात तर ब्लास्टोसिस्टिस बाळगणाऱ्यांचा आहार व चयापचय अधिक चांगला असल्याचे दिसले. अर्थात, हा संबंध आहे; कार्यकारण सिद्ध झालेले नाही.

नेहमीच्या स्टूल टेस्टच्या रिपोर्टमध्ये उपप्रकार कळत नाही; त्यासाठी पीसीआर आणि क्रमवाचन करावे लागते. एकाच व्यक्तीत दोन उपप्रकार असतील, तर साध्या क्रमवाचनात बहुधा संख्येने जास्त असलेलाच दिसतो.