प्रकाशाची चाल पाहणारा नाशिककर

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. त्या चित्रपटाच्या आदल्या साली, म्हणजे १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याचे थोडे थोडे चित्रण केले आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. आम्हाला तीच अधिक मोलाची वाटते. जे अति संथ म्हणून डोळ्याला दिसत नाही, ते त्यांनी काळ आवळून दाखविले. फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले ते १८७० मध्ये. शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, शेजारच्या नाशकात जन्मलेल्या रमेश रासकर यांनी नेमके याच्या उलट केले. जे अति वेगामुळे दिसत नाही, ते त्यांनी काळ ताणून दाखविले.

हा विषय आम्ही निवडला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "कारंज्याला या यंत्रविद्येचे काय हो?" त्यांना उत्तर देऊच, पण आधी रासकरांचे काम पाहू.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, मग अमेरिकेत उत्तर कॅरोलिना विद्यापीठाची डॉक्टरेट २००२ मध्ये, मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेत काही वर्षे, आणि २००८ पासून एम.आय.टी.ची मीडिया लॅब. ही जंत्री एका दमात सांगून टाकतो, कारण जंत्रीने माणूस कळत नाही. त्यांच्या शास्त्राला संगणक-दृष्टी म्हणतात. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र संगणकाच्या लेखी केवळ आकड्यांचा ढीग असतो; त्या ढिगातून समोर झाड आहे की माणूस, जवळ आहे की दूर, हे त्याने ओळखावयाचे असते. बहुतेक संशोधक चित्र हाती आल्यावर कामाला लागतात. रासकरांनी त्याच्या अलीकडची शंका काढली: चित्र टिपतानाच कॅमेरा काही गमावीत असेल, तर मागाहून गणित करून उपयोग काय?

२००६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. धावत्या मोटारीचा फोटो घेतला की पाटीवरचे आकडे फराटले जातात. कॅमेऱ्याची झडप उघडी असते तोवर गाडी पुढे सरकलेली असते. भिंतीवरच्या अक्षरांवर चुन्याचा सलग पोचारा मारला तर अक्षरे बुजतात. तोच मधूनमधून फटी ठेवून मारला, आणि फटी कोठे ठेवल्या हे आपल्याला ठाऊक असले, तर खालचा मजकूर जुळविता येतो. रासकरांनी झडप एकदाच उघडी न ठेवता ठराविक पण अनियमित तालावर उघडझाप करविली. फोटो फराटलेलाच येतो, पण त्या तालाच्या आधाराने संगणक आकडे परत मिळवितो. युक्ती साधी आहे. साध्या युक्त्याच सुचण्यास कठीण.

त्यांची कीर्ती झाली ती मात्र प्रकाशाच्या चित्रपटाने. एम.आय.टी.मध्येच हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९६४ मध्ये सफरचंदातून आरपार जाणाऱ्या बंदुकीच्या गोळीचा फोटो घेतला होता. २०११ मध्ये रासकर, आंद्रेआस व्हेल्टेन आणि मौंजी बावेंडी (यांनाच पुढे २०२३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले) यांच्या मंडळीने गोळीच्या जागी प्रकाशाची ठिणगी घेतली. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. त्याला चालताना पाहावयाचे तर सेकंदात सुमारे एक लाख कोटी चित्रे हवीत. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत तो मिलिमीटराच्या तीन दशांशांच्या आसपासच सरकावा. त्यांच्या चित्रपटात लेसरची ठिणगी बाटलीतून गोगलगायीसारखी सरकताना दिसते. येथे एक गोष्ट लपवू नये. हा एकाच ठिणगीचा प्रवास नव्हे. तंतोतंत सारख्या लक्षावधी ठिणग्या सोडून, दर वेळी एकेक रेघ टिपून, त्या गणिताने सांधल्या आहेत. कोणी याला बनवाबनवी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, कारण त्यांनी ते स्वतःच सांगून टाकले.

प्रकाश केव्हा परतला हे इतके बारीक मोजता येऊ लागले, तेव्हा आडोशामागची वस्तूही ओळखता येऊ लागली. भिंतीवर आपटून आत गेलेला आणि पुन्हा भिंतीवरून परतलेला प्रकाश मोजून कोपऱ्यापलीकडच्या वस्तूचा आकार काढल्याचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, २०१० मध्ये, 'नेत्र' नावाचे साधन पुढे आले होते: मोबाईलला एक लहानसे भिंग जोडावयाचे, पडद्यावरच्या रेघा एकमेकींवर आणावयाच्या, की चष्म्याचा नंबर निघतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला प्रकाशाच्या चित्रपटापेक्षा याचे अप्रूप अधिक वाटावे.

नाशिकशी त्यांचे नाते तुटले नाही. २००३ च्या कुंभमेळ्यात तेथे चेंगराचेंगरीत माणसे दगावली होती. २०१५ च्या कुंभाआधी रासकरांच्या पुढाकाराने तेथील तरुण आणि परदेशी संशोधक 'कुंभथॉन' नावाने एकत्र बसले. गर्दी किती जमते आणि कोणीकडे वळते हे यंत्राने कसे ओळखावे, हा त्यांच्यापुढचा एक प्रश्न होता. २०१६ मध्ये रासकरांना पाच लाख डॉलरचे लेमेलसन-एम.आय.टी. पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी एक निबंध निघाला आणि आम्ही कान टवकारले. बरमाक हेश्मत, रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तक न उघडता वाचले! टेराहर्ट्झ लहरी कागदातून जातात. पानापानांमध्ये अडकलेल्या हवेच्या अतिसूक्ष्म थरावरून थोड्या परततात. किती वेळाने परतल्या यावरून पान कितवे ते कळते. प्रत्येक पानावर एकच अक्षर होते, आणि नऊ पानांपर्यंत ते ओळखता आले.

आता त्या स्नेह्यांचे उत्तर. कारंज्याच्या जैन मंदिरांतून जपलेल्या पोथ्यांतील अपभ्रंश वाङ्मय अमरावतीच्या महाविद्यालयातील हीरालाल जैन यांनी उजेडात आणले. १९३१ मध्ये परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेत निघाले. हे आम्ही स्नेह्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग पोथी उघडूनच का वाचीत नाही?" त्यांचे खरे आहे. पाने चिकटलेल्या, हात लावताच तुकडे पडणाऱ्या पोथीसाठी ते यंत्र. आणि तेही तूर्त नऊ पानांपर्यंत. ज्या पोथ्या उघडतात त्या वाचण्यास अपभ्रंश जाणणारा माणूस लागतो. तसा माणूस गावात आज कोण आहे, असे आम्ही स्नेह्यांनाच विचारले. त्यांनी दोन नावे घेतली, मग त्यातले एक मागे घेतले.